मुलं रोज कामाच्या जागी सोबत असतात. त्यांना कोणतं काम द्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. छपाई आणि पॅकिंगचं छोटं युनिट तुम्ही दोघं चालवता, सोबत दोन कामगार आहेत. चार वर्षांचा मुलगा आणि सात वर्षांची मुलगी शाळा सुटल्यावर तीनेक तास तिथेच असतात. धाकटा दिसेल त्या वस्तूला हात लावतो, मोठी ‘मला पण काम दे’ म्हणून मागे लागते. काम दिलं तर निस्तरण्यात दुप्पट वेळ जातो, नाही दिलं तर दोघंही किरकिर करतात. शिवाय ही बालमजुरी तर होत नाही ना, ही धास्ती आहेच.

काम द्या. मात्र दोन अटी एकाच वेळी पाळाव्या लागतील. पहिली, काम खरं असावं: झालेलं काम तुमच्या मालात, तुमच्या व्यवहारात वापरलं जावं. दुसरी, या मुलानं ते आज केलं नाही तरी तुमचं काहीही अडू नये. पहिली अट मोडली की आपल्याला नुसतं गुंतवून ठेवलंय हे मुलाच्या लक्षात येतं आणि ते पुन्हा यंत्राकडे वळतं. दुसरी मोडली की मदतीची मजुरी होते, मग काम कितीही हलकं असो. कोणतं काम द्यायचं, किती वेळ द्यायचं, कुठे थांबायचं, हे सगळं या दोन अटींवरूनच ठरतं.

लुडबुड म्हणून आपण ज्याला हटकतो, त्यातलं बरंचसं खरं तर मदत करण्याची धडपड असते. मानसशास्त्रज्ञ फेलिक्स वॉर्नेकन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत १८ महिन्यांच्या मुलांनी, कोणी बक्षीस किंवा शाबासकी न देता, अनोळखी माणसाच्या हातून पडलेली वस्तू उचलून दिली. त्याचे हात भरलेले असताना कपाटाचं दार उघडून दिलं. मुलं कशी शिकतात याच्या अभ्यासक बार्बरा रॉगॉफ यांनी ग्वाटेमालातल्या माया समाजात अनेक वर्षं अभ्यास केला. तिथे लहान मुलं मोठ्यांच्या कामातच वावरतात, बघत राहतात आणि जमेल तेव्हा हात लावतात. त्यांच्यासाठी वेगळा धडा कोणी मांडून ठेवत नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाला ‘जा, तिकडे खेळ’ असं रोज सांगितलं तर ते विचारणं बंद करतं, आणि आठ-नऊ वर्षांचं झाल्यावर बोलावलं तरी येत नाही. तेव्हा आताची किरकिर ही चांगली खूण समजा.

पण याचा खर्च आधीच मान्य करा. पहिले काही आठवडे मुलांच्या मदतीनं तुमचं काम वाढणारच. मुलाच्या दहा मिनिटांच्या कामासाठी तुमची पंधरा मिनिटं जातील: मांडणी, दाखवणं, बघत राहणं, आवरणं. ज्या दिवशी माल द्यायची घाई आहे, त्या दिवशी काम देऊ नका. अशा वेळी इजेचा धोका वाढतो, कारण मोठ्यांचं लक्ष उडालेलं असतं आणि हालचाली वेगात असतात.

कायदा कुठे रेघ ओढतो

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १३८ क्रमांकाचा करार १९७३ चा आहे. त्यानुसार कामावर घेण्याचं किमान वय साधारण १५ वर्षं (काही देशांना सुरुवातीला १४ ची मुभा), शाळेच्या आणि आरोग्याच्या आड न येणारं हलकं काम १३ व्या वर्षापासून (तिथेही १२ ची मुभा), आणि धोक्याच्या कामासाठी १८ वर्षं. १८२ क्रमांकाचा करार १९९९ चा. तो बालमजुरीच्या सर्वांत घातक प्रकारांवर आहे आणि २०२० मध्ये संघटनेच्या सर्व सदस्य देशांनी तो मंजूर केला. अनेक देशांचे कायदे घरच्या व्यवसायात आई-वडिलांना मदत करणाऱ्या मुलांना काही सवलत देतात. ती सवलत कोणत्या वयाला, कोणत्या वेळात आणि कोणत्या व्यवसायात आहे हे आपल्या देशाच्या कायद्यात बघून घ्या, आणि विमा पॉलिसीत कामाच्या जागी मूल असण्याबद्दल काय लिहिलंय तेही वाचा. विम्याचा कागद लोक सर्रास विसरतात.

तुमची मुलं चार आणि सात वर्षांची आहेत, म्हणजे ‘हलकं काम’ या वयाच्याही खूप खाली. त्यामुळे त्यांचा हातभार उत्पादनाचा भाग म्हणून मोजताच येणार नाही. नगसंख्या ठरवून देणं, वेळ लावणं, ‘आज एवढं संपवायचंच’ असं म्हणणं, यातलं काहीच नको.

आधी जागा, मग काम

मुलं नसताना एकदा गुडघ्यांवर बसून संपूर्ण जागा फिरा. चार वर्षांच्या मुलाची उंची साधारण एक मीटर असते, त्याचे डोळे ९० सेंटिमीटरवर. उभ्या माणसाला न दिसणाऱ्या गोष्टी तिथून दिसतात: टेबलाच्या कडेबाहेर आलेलं ब्लेड, खालच्या फळीवरची थिनरची बाटली, लोंबती वायर, ओढता येईल असा टेबलावरचा कागद आणि त्यावर ठेवलेला गरम कप.

छपाई-पॅकिंगच्या जागेत पुढच्या गोष्टींकडे खास बघा.

कटिंग मशीन, पिन मारायचं यंत्र, पिशव्या बंद करायचं हीट सीलर आणि कागदाचे तुकडे करणारं श्रेडर यांच्याभोवती किमान दोन मीटरची रेघ जमिनीवर रंगीत टेपनं मारा. मुलानं ती कधीही ओलांडायची नाही, यंत्र बंद असलं तरी. बंद-चालू हा फरक चार वर्षांच्या मुलावर सोपवू नका. श्रेडर हे सगळ्यांत फसवं यंत्र. मोठ्यांचं बोट ज्या फटीत जात नाही तिथे मुलाचं बारीक बोट जातं, आणि आपोआप चालू होणारं यंत्र कागद आणि बोट यांत फरक करत नाही. वापर नसताना त्याचा प्लग काढून ठेवा.

रोलर पुसायचं थिनर आणि तत्सम द्रव हा दुसरा मोठा धोका. त्यांची वाफ हवेपेक्षा जड असते, म्हणून ती जमिनीलगत साठते, आणि मुलाचं नाक नेमकं तिथेच असतं. वजनाच्या मानानं मुलं मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात. रोलर पुसण्याचं काम मुलं यायच्या आत किंवा गेल्यावर करा. हे द्रव कधीही पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत काढून ठेवू नका. विषबाधेचं हे जुनं आणि पूर्णपणे टाळता येणारं कारण आहे.

बटण सेल, म्हणजे वजनकाट्यात, रिमोटमध्ये, छोट्या दिव्यांत असणाऱ्या चपट्या बॅटऱ्या. मुलानं गिळल्यास अन्ननलिकेत अडकून त्या दोन तासांतही गंभीर भाजू शकतात. शंका आली तरी उलटी न करवता थेट रुग्णालय गाठा. ‘पडेल शौचावाटे’ म्हणून थांबू नका. निओडिमियमचे छोटे चुंबक दोन गिळले गेले तर आतड्याच्या भिंती मधे धरून एकमेकांना चिकटतात, तेव्हा तेही याच यादीत. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी जी चाचणी वापरतात त्या नळकांड्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. त्यात मावणारी वस्तू घशात अडकू शकते. तुमचा मुलगा तीनच्या वर आहे, पण वस्तू तोंडात घालायची सवय अजून असेल तर हाच नियम लावा. सिलिका जेलच्या पुड्या, रबर बँड, पिनांच्या पट्ट्या, पातळ प्लास्टिक पिशव्या त्याच्या हाताच्या टप्प्याबाहेर ठेवा.

पॅकिंगच्या ताणलेल्या प्लास्टिक पट्ट्या कापताना सटकन उडतात आणि मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरूनच जातात. पट्टी बांधताना किंवा कापताना मूल त्या खोलीत नको. उंच रॅक आणि फाइलींचं कपाट भिंतीला ठोकून घ्या. एकाच वेळी दोन-तीन खण उघडून मूल पायरीसारखं चढलं की कपाट पुढे झुकतं. माल उतरवायला गाडी मागे येत असेल तेव्हा एका मोठ्या माणसानं मुलाचा हात धरून उभं राहायचं. ‘लक्ष ठेव’ एवढं सांगणं पुरत नाही, कारण चालकाला मागे मुलाची उंची दिसतच नाही.

आवाजाबद्दल सोपी खूण: हाताच्या अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल तर पातळी साधारण ८५ डेसिबलच्या आसपास आहे. मोठ्या कामगारांसाठी ती आठ तासांची मर्यादा धरतात आणि पुढे दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा करतात. जागतिक आरोग्य संघटना हेडफोनसारख्या, गाणी वगैरे ऐकण्याच्या उपकरणांसाठी मुलांना ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास, एवढीच मर्यादा सुचवते. म्हणजे एवढा आवाज करणारं यंत्र चालू असताना मुलांची जागा दुसऱ्या खोलीत.

तुमच्याकडे शिसं नसेल, पण हे उत्तर वाचणाऱ्या इतरांसाठी स्पष्ट लिहिणं भाग आहे. बॅटरी दुरुस्ती, डाग देणं (सोल्डरिंग), जुना रंग खरवडणं, रेडिएटरची कामं जिथे चालतात तिथे लहान मूल अजिबात नको, ‘फक्त बसायला’ सुद्धा नको. तोंडावाटे गेलेल्या शिशापैकी मुलांच्या शरीरात मोठ्यांच्या चार ते पाच पट शिसं शोषलं जातं, आणि मेंदूच्या वाढीला सुरक्षित म्हणावी अशी पातळी सापडलेली नाही. धूळ कपड्यांवरून घरी जाते, म्हणून अशा कामाचे कपडे तिथेच बदलायचे आणि वेगळे धुवायचे. वेल्डिंग, करवत, कीटकनाशक, क्ष-किरण, उकळतं तेल या जागांनाही हेच लागू. इथे ‘हलकं काम’ शोधत बसू नका.

यानंतर मुलांचा कोपरा ठरवा. टेबल त्यांच्या उंचीचं हवं: उभं राहून काम करताना कोपरापेक्षा सुमारे ५ सेंटिमीटर खाली. चार वर्षांच्या मुलासाठी हे साधारण ५५ सेंटिमीटर, सात वर्षांच्या मुलीसाठी ६५ ते ७० येतं. मोठ्यांच्या टेबलापाशी स्टूल लावून उभं करण्यापेक्षा बुटकं टेबल केव्हाही बरं. स्टुलावरचं मूल कामात रंगलं की मागे पाऊल टाकतं. कोपरा असा निवडा की तुम्ही मान वळवली की दिसेल, पण तुमच्या ये-जा करण्याच्या वाटेत येणार नाही.

चार वर्षांच्या मुलाला जमणारी कामं

या वयात काम एकाच हालचालीचं असावं आणि संपलं हे डोळ्यांना दिसावं. ‘हे जरा नीट लाव’ याचा त्याला काहीच अर्थ लागत नाही. ‘या डब्यातल्या सगळ्या लाल पट्ट्या इकडे’ याचा लागतो.

शिक्का मारणं हे तुमच्या जागेत त्याच्यासाठी सगळ्यांत चांगलं काम आहे, पण साचा बनवल्याशिवाय देऊ नका. ए-फोर आकाराचा पुठ्ठा घ्या. त्याच्या एका कोपऱ्यात दोन सेंटिमीटर रुंद आणि तीन मिलिमीटर जाड पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या काटकोनात चिकटवा. पाकीट या कोपऱ्यात सरकवलं की दर वेळी एकाच जागी बसतं. वरून पुस्तकाच्या पानासारखी उघडणारी पुठ्ठ्याची झडप लावा आणि शिक्का जिथे हवा तिथे तिला खिडकी कापा. पाकीट सरकव, झडप पाड, शिक्का मार, झडप उघड: शिक्का वाकडा पडण्याचा प्रश्नच मिटतो. पुठ्ठ्याखाली पाच-सहा वर्तमानपत्रं घाला, मऊ बैठकीवर ठसा अखंड उठतो. शिक्क्याची पुढची बाजू कळावी म्हणून मुठीवर रंगीत टिकली लावा. शाईचा डबा दुहेरी टेपनं टेबलाला चिकटवा, नाहीतर शिक्क्याबरोबर तोही उचलला जातो.

इथे तीन गोष्टी बिघडतात. ठसा दुहेरी येतो, कारण मूल शिक्का डोलवतं. त्याला ‘दाब, एक, उचल’ असं तोंडानं म्हणायला लावा. ठसा फिका येतो, कारण शाई एकदाच हलकी लागते. दोनदा टेकवायला शिकवा. ठसा फिसकटतो, कारण ओली पाकिटं एकावर एक रचली जातात किंवा कागद गुळगुळीत लेपाचा असतो, ज्यावर पाण्याची शाई सुकत नाही. साधा, बिनलेपाचा कागदच द्या आणि पाकिटं सुटी पसरायला मोठा ट्रे ठेवा. शाई पाण्यात धुतली जाणारीच असू द्या. ज्यांवर ग्राहकाचं नाव किंवा रक्कम आहे असे कागद या कामाला नकोत.

वेगळं करणं, म्हणजे रंगानुसार किंवा आकारानुसार गट पाडणं, हे दुसरं काम. एका वेळी एकच कसोटी. तीन वर्षांची मुलं रंगानं गट पाडता पाडता ‘आता आकारानं’ सांगितल्यावर जुन्याच नियमानं चालत राहतात. हे प्रयोगांत वारंवार दिसलंय आणि पाच वर्षांपर्यंत बहुतेकांना नियम बदलणं जमतं. चार वर्षांचं मूल मधे कुठेतरी असतं. म्हणून नियम बदलायचा असेल तर आधीचं सामान उचलून ठेवा, मधे काहीतरी वेगळं करू द्या आणि नवे डबे मांडा. तो चुकतोय म्हणून ऐकत नाही असं समजू नका.

मोजणी त्याला देऊ नका, ‘प्रत्येकी एक’ द्या. चार वर्षांची बरीच मुलं वीसपर्यंत अंक म्हणतात, पण म्हणताना एखादी वस्तू सुटते, एखादी दोनदा मोजली जाते. दोन ओळींत पाच-पाच खण असलेला ट्रे घ्या आणि प्रत्येक खणात एक कार्ड टाकायला सांगा. रिकामा खण चूक आपणच दाखवतो, तुम्हाला ओरडावं लागत नाही.

याखेरीज: रद्दी कागद फाडून पॅकिंगचं भरण तयार करणं, रिकामे खोके एका जागी नेणं, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर चिठ्ठी पोचवणं. टेबलं मात्र एकाच खोलीतली असावीत.

सात वर्षांच्या मुलीसाठी

ती दोन-तीन पायऱ्या लक्षात ठेवू शकते आणि तिला नेमकेपणाची हौस असते. तिला घडी घालायला द्या: कागदाची कड कडेला जुळव, बोटानं धर, मधून बाहेर दाबत जा. दाबायला हातात मावणारी गुळगुळीत लाकडी पट्टी द्या. नख आणि बोट वापरलं तर वीसेक कागदांनंतर बोट दुखतं आणि घड्या सैल पडतात. एका वेळी दोन कागद एकत्र दुमडले जाणं ही नेहमीची चूक. गठ्ठा देण्याआधी तो वाऱ्यावर फडफडवून पानं सुटी करा.

लेबल चिकटवणं तिला आवडेल, पण मागचा कागद सोलणं हा अवघड भाग आहे. तुम्ही पट्टीची एक कड दुमडून सोलायला सुरुवात करून द्या. पाच सेंटिमीटरपेक्षा रुंद लेबल नको, त्याला सुरकुत्या पडतात. वरच्याच प्रकारचा काटकोनी साचा इथेही वापरा, आणि बुडबुडे टाळायला मधून कडेकडे पुसायला शिकवा.

मोजणी: दहा कार्डं मोजायची आणि आडवी ठेवायची, पुढची दहा उभी. असे दहा थर झाले की शंभर. सलग शंभर मोजायला लावलं तर कोणी हाक मारली की आकडा हरवतो आणि ती रडकुंडीला येते. आडव्या-उभ्या थरांत फक्त शेवटचे दहा पुन्हा मोजावे लागतात. क्रमांकानुसार बिलांच्या कोऱ्या प्रती लावणंही जमेल, एका वेळी वीसच द्या.

वजनाचं भान ठेवा. शाळेच्या दप्तरासाठी शरीराच्या वजनाच्या सुमारे १० टक्के ही मर्यादा बऱ्याच ठिकाणी सांगतात, ती इथेही कमाल धरा. ८० जीएसएमच्या (चौरस मीटरला ८० ग्रॅम) ए-फोर कागदाचं ५०० पानांचं रीम अडीच किलोच्या आसपास भरतं. २२ किलोच्या मुलीलाही ते जड आहे. तिला अर्धं रीम, धाकट्याला शंभर पानं. कागद नेहमी दोन्ही हातांनी, पोटाशी धरून, आणि जिन्यावर अजिबात नाही.

कात्री बोथट टोकाची चालेल. स्टेपलर, कटर, गरम सीलर, पट्टी बांधायचं यंत्र यांतलं काही नको. ‘मी हात धरतो, तू दाब’ हेही नको. एकदा हातानं चालवलेलं यंत्र मुलाच्या मनात परवानगी मिळालेलं यंत्र ठरतं. कटिंग मशीनबद्दल तर १८ वर्षांपर्यंत चर्चाच करू नका.

आणखी एक. मुलीला आवरायला-पुसायला आणि मुलाला यंत्र बघायला, अशी वाटणी नकळत होते. अमेरिकेत १९९३ मध्ये मुलींना कामाच्या जागी नेण्याचा दिवस सुरू झाला तो मुलींना नोकरी-व्यवसायाचं जग दिसावं म्हणूनच. २००३ पासून त्यात मुलगेही आले. तुमच्याकडे दोघांनी आवरायचं आणि दोघांनी (रेघेबाहेरून) छपाई बघायची.

शिकवायचं कसं

कमी बोला. मूल तुमच्या शेजारी, तुमच्याच दिशेला तोंड करून उभं राहू दे. समोर उभं केलं तर डावं-उजवं उलटं दिसतं. नेहमीच्या निम्म्या वेगानं तीन वेळा करून दाखवा, हात चालत असताना बोलू नका. मग तुम्ही पाकीट सरकवा, शिक्का त्याला मारू दे. मग सगळं त्याला करू दे आणि पहिले पाच नग हात मागे बांधून बघा. चूक दिसली तर तोंडानं सुधारण्याऐवजी पुन्हा एकदा करून दाखवा. सतत सूचना मिळणारं मूल कामाकडे बघत नाही, तुमच्या चेहऱ्याकडे बघत राहतं.

त्याच्या डोळ्यांदेखत त्याचं काम पुन्हा करू नका. मुलाला हे फार लागतं आणि ते विसरत नाही. तपासायचं असेलच तर तपासणी हा सगळ्यांच्याच कामाचा टप्पा ठेवा, तुमच्या स्वतःच्या गठ्ठ्याचीसुद्धा. वाया जाण्याचं प्रमाण आधीच धरा: सुरुवातीला पाचातला एक नग खराब होईल असं समजून स्वस्त कागद आणि जास्तीचे नग द्या. जे खराब होणं परवडत नाही ते काम मुळात मुलाच्या टेबलावर जाऊ नये.

बक्षीस, नगामागे पैसे, खाऊ यांपासून लांब राहा. वॉर्नेकन आणि टोमासेलो यांच्याच २००८ च्या प्रयोगात, मदत केल्यावर वस्तू मिळालेल्या २० महिन्यांच्या मुलांनी पुढे कमी मदत केली. नुसतं कौतुक मिळालेल्यांनी किंवा काहीच न मिळालेल्यांनी ती चालू ठेवली. नगामागे पैसे दिले तर आणखी एक होतं: मूल वेग वाढवतं आणि खराब नग खाली लपवतं. त्यापेक्षा त्याच्या कामाचं पुढे काय झालं ते दाखवा. ‘तू शिक्के मारलेली पाकिटं या खोक्यात गेली, हे खोकं उद्या निघणार.’ ‘छान’, ‘शाब्बास’ यांपेक्षा या वाक्यानं जास्त काम होतं.

किती वेळ

चार वर्षांच्या मुलाला सलग पाच ते दहा मिनिटं, सात वर्षांच्या मुलीला पंधरा ते वीस. तीन तासांत धाकट्याचे असे दोन, मोठीचे तीन फेरे पुष्कळ झाले. बाकीचा वेळ खेळ, खाणं, अभ्यास, झोप यांचा. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला १० ते १३ तास आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते. दुकान उशिरा बंद होतं म्हणून ती कापली जात असेल तर काम देण्याचा विचारच थांबवा. शाळेतून आल्याआल्या आधी खायला द्या आणि अर्धा तास मोकळा. बंद करायच्या आधीचा अर्धा तासही मोकळाच ठेवा. तेव्हा सगळे थकलेले असतात, शटर खाली येत असतं, गल्ला मोजला जात असतो.

थांबायचा हक्क मुलाचा. ‘नको’ म्हटलं की नको. हातातला एक नग पूर्ण करून ट्रे जागेवर ठेवायचा, एवढंच मागा. काम संपल्यावर साबणानं हात धुणं हा कामाचाच शेवटचा टप्पा, खाण्याआधी तर नक्कीच.

इतर माणसं

कामगारांना ‘जरा लक्ष ठेवा’ असं मोघम सांगू नका. सगळ्यांनी लक्ष ठेवायचं म्हणजे कोणीच ठेवत नाही, आणि पगार कामाचा असलेल्या माणसावर मूल सांभाळण्याची जबाबदारी टाकणं अन्यायाचंही आहे. तुम्हा दोघांपैकी आत्ता जबाबदार कोण, हे नाव घेऊन ठरवा आणि बदलताना तोंडानं सांगा: ‘आता तू बघ, मी खाली जातोय.’

ग्राहकाशी मुलांनी बोलावं, नमस्कार करावा, पावती हातात द्यावी, यात काही वाईट नाही. पण ग्राहकाबरोबर मूल एकटं राहू नये, त्याचे फोटो काढायला परवानगी नसावी, आणि वसुली किंवा तक्रार ऐकायला त्याला पुढे करू नये. जी कुटुंबं परक्या भाषेच्या प्रदेशात व्यवसाय करतात तिथे मुलं दुभाषी होतात. भाव सांगणं ठीक. पण कर, करार, आजार, भांडण यांत मुलाकडून भाषांतर करवू नका. अर्थ चुकला तर नुकसान तुमचं, आणि त्याचं ओझं ते मूल वागवतं.

मदत मजुरीकडे झुकतेय का

महिन्यातून एकदा तुम्ही दोघांनी बसून पुढचे प्रश्न स्वतःला विचारा. मूल आजारी पडलं किंवा मित्राकडे गेलं तर ऑर्डर अडली का? अभ्यास, खेळ किंवा शाळेचा कार्यक्रम कामासाठी बुडाला का? ते बोट दुखत असताना गप्प बसलं का? चुकल्यावर ते घाबरतं का? बाहेरचा माणूस आला की त्याला ‘काम करतोस असं सांगू नकोस’ असं शिकवावं लागलं का? एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर दोन आठवडे काम पूर्ण बंद ठेवा आणि तुमची माणसं किंवा वेळापत्रक कुठे कमी पडतंय ते शोधा. चांगली, समंजस मुलं इथेच जास्त अडकतात. आई-वडिलांची ओढाताण त्यांना दिसते आणि ती न सांगता भार उचलतात. मोठी मुलगी असेल तर धाकट्याला सांभाळण्याचाही. तिला दिलेला वेळ तिच्या कामाचा असो वा खेळाचा, त्यात भाऊ तिच्यावर सोपवू नका.

उद्यापासून सुरुवात करताना एकच काम निवडा: धाकट्याला शिक्क्याचा साचा, मोठीला आडव्या-उभ्या थरांची मोजणी. दोन आठवडे तेच चालू द्या, रोज नवं काम शोधू नका. मुलांना तेच ते करण्यातच हात बसल्याचा आनंद मिळतो. सलग चार-पाच दिवस न सांगता मांडणी, काम आणि आवरणं नीट झालं की पुढचं काम दाखवा. ज्या दिवशी दोघांपैकी कोणालाच मोकळं राहता येणार नाही, त्या दिवशी साचे कपाटात, कोपऱ्यात रद्दी कागद आणि खडू, आणि शक्य असेल तर मुलं घरी किंवा नातेवाइकांकडे.